चौदाव्या महिन्यातला दुसरा मंगळवार

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला एक तळघर आहे आणि त्या तळघराला एकच किल्ली आहे. ती किल्ली सहा वर्षं एका तरुण शास्त्रज्ञाच्या खिशात होती. तळघरात कपाटाएवढं एक यंत्र होतं. ते आपल्या पोटात अशी काही थंडी तयार करायचं की तिच्यापुढे बर्फाला घाम फुटावा. त्या थंडीत काय घडतं ते मोजत बसायचं, हे या गृहस्थाचं काम. सहा वर्षांत त्याची डॉक्टरेट झाली, डोक्यावरचे केस निम्मे झाले, पण जे शोधायचं होतं ते काही हाती लागलं नाही. अगदी बेतात आलंय, एवढं मात्र तो छातीवर हात ठेवून सांगायचा. आणि नेमकी या महिन्याच्या एकतीस तारखेला त्याची मुदत संपून किल्ली जमा करायची होती.

या शास्त्रज्ञाला सगळे ‘अधिकउणे’ म्हणत. हे आडनाव नव्हे, खोड होती. भौतिकशास्त्रवाल्यांना विद्यार्थी असल्यापासून शिकवलेलं असतं, की कुठलाही आकडा एकटा सोडायचा नाही. तो किती चुकू शकतो तेही शेजारी लिहायचं. लांबी दहा सेंटिमीटर, अधिकउणे एक मिलिमीटर. बाकीचे हे परीक्षेपुरतं पाळतात, हा बाबा घरीसुद्धा पाळायचा. “जेवायला किती वाजता येशील?” असं आईनं विचारलं, की “साडेआठ, अधिकउणे वीस मिनिटं,” असं उत्तर यायचं.

“मग मी अन्न गरम कधी करू? अधिकला की उणेला?” असं म्हणून आई कपाळावर हात मारून घ्यायची.

किल्ली वाचवायची तर एकच वाट होती. विद्यापीठाची ‘उदयोन्मुख भौतिकशास्त्रज्ञांसाठी डॉक्टरेटोत्तर फेलोशिप’. कालावधी दोन वर्षं. अर्ज बावीस पानी. त्यात वडिलांची उंची होती, रक्तगट होता, मागच्या तीन मुक्कामांचे पत्ते होते. संशोधन कशावर करणार, ते मात्र जोडपत्र ‘ढ’मध्ये लिहून वेगळ्या पाकिटात बंद करून द्यायचं होतं, म्हणजे छाननीत व्यत्यय येत नाही. खरा घोळ झाला तो सतराव्या रकान्यात. तिथे विचारलं होतं, ‘शोध कितव्या महिन्यात लागेल? आकड्यात व अक्षरात लिहावे.’

अधिकउणेनं प्रामाणिकपणे लिहिलं, ‘१४ ± २’.

काउंटरवरच्या बाईंनी तो कागद आधी सरळ धरला, मग उलटा धरला, मग उजेडाकडे धरला.

“हे काय लिहिलंय?”

“चौदा अधिकउणे दोन.”

“म्हणजे बारा, चौदा का सोळा?”

“तिन्ही. किंवा मधलं काहीही.”

“अहो, रकाना एक आहे. त्यात मी पाच महिने कुठे कोंबू? अधिक म्हणा नाहीतर उणे म्हणा. दोन अधिक केले, दोन उणे केले, हातात काय राहिलं? शून्य. मग लिहायचं तरी कशाला?”

“मॅडम, संशोधन म्हटलं की थोडी अनिश्चितता असायचीच.”

“असेल तुमच्या तळघरात,” बाई म्हणाल्या. “इथे आस्थापना विभाग आहे.”

मागे रांग वाढत होती आणि कुणीतरी “आटपा हो लवकर” असं म्हणालं. अधिकउणेनं पेन काढलं, डोळे मिटले आणि ‘± २’ वर रेघ मारली. जन्मात पहिल्यांदा त्यानं एक आकडा असा उघड्यावर, एकटा सोडला. त्याला कसंसंच झालं. बाईंनी मात्र खूश होऊन विचारलं, “वार कुठला घालू?”

“वारसुद्धा लागतो?”

“मग? कुलगुरूसाहेबांना यायला नको? दुसरा मंगळवार घालते. सकाळी अकरा ते एक. त्यानंतर लागला तर साहेब जेवायला गेलेले असतात, आधीच सांगून ठेवते.”

बघता बघता फेलोशिप मंजूर झाली. आदेशाच्या कागदावर चार गोल शिक्के होते आणि खाली अटी होत्या. चौथी अट अशी: ‘उदयोन्मुख म्हणजे ज्याचा उदय अद्याप व्हावयाचा आहे असा. शोध लागताच उमेदवाराचा उदय झाला असे समजण्यात येऊन फेलोशिप आपोआप संपुष्टात येईल. किल्ली त्याच दिवशी कार्यालयीन वेळेत जमा करावी.’ आनंदाच्या भरात ही अट त्यानं वाचली, आणि ज्या आनंदात वाचली त्याच आनंदात विसरला. घरी जाऊन त्यानं आईला आदेश दाखवला.

“दोन वर्षं म्हणजे बरोब्बर दोन?” आईनं विचारलं.

“बरोब्बर दोन.”

मागे काही शेपूट लागलं नाही, तशी आईनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तर किल्ली वाचली. अधिकउणे पुन्हा तळघरात जाऊन बसला. आणि तिसऱ्या महिन्यातल्या एका गुरुवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, यंत्राच्या पडद्यावर जी रेघ सहा वर्षं शिस्तीत आडवी पडून होती, तिनं मध्येच मान वर काढली. छानसा टपोरा उंचवटा! त्यानं वायर काढून पुन्हा लावल्या. उंचवटा जागेवर. त्यानं यंत्र बंद करून पुन्हा थंड केलं, त्यात शनिवार-रविवार गेला. उंचवटा जागेवर. सोमवारी त्यानं यंत्राला मिठी मारली, ते बाहेरूनही बऱ्यापैकी गार होतं, आणि लिफ्टची वाट न बघता चार मजले धावत चढून उपकुलसचिवांच्या दालनात शिरला.

“सर, सापडलं!”

उपकुलसचिवांनी चष्मा काढला. “कुणाच्या परवानगीनं?”

“परवानगी... अहो, आपोआप सापडलं.”

“आपोआप कसं सापडेल? आपला चौदावा महिना आहे. आत्ता चालू आहे तिसरा. अकरा महिने आधी शोध लावून तुम्ही विद्यापीठाला कुठल्या तोंडानं उभं करणार आहात? कुलगुरूंच्या डायरीत नोंद गेली आहे. फितीचा दर मागवला आहे.”

काउंटरवरच्या बाई फाईल घेऊन आत आल्याच होत्या. “मी तेव्हाच म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “यांचं ते अधिकउणे दोन ठेवलं असतं, तरी तिसरा महिना काही बसत नव्हता.”

हे मात्र अधिकउणेच्या फार म्हणजे फार जिव्हारी लागलं. त्यानं तिथल्या तिथे कागदावर हिशोब मांडला. अंदाज चौदा, चुकीची मर्यादा दोन, प्रत्यक्षात तीन. म्हणजे मर्यादेच्या साडेपाच पट चूक! भौतिकशास्त्रात पाच पटींच्या पुढे फरक दिसला की त्याला योगायोग म्हणत नाहीत, शोध म्हणतात. थोडक्यात, बिचाऱ्याच्या अर्जातच एक दुसरा शोध लागला होता. तो त्यानं घाबरून खिशात घातला.

उपकुलसचिव मनानं वाईट नव्हते. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि दोन पर्याय समजावून सांगितले. पर्याय ‘अ’: शोध आज लागला असं मान्य करायचं. मग चौथ्या अटीनुसार त्याचा उदय झाला, फेलोशिप संपली, पाचच्या आत किल्ली जमा.

“पण सर, दोनदा दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नसतं. वीस-पंचवीसदा मोजायला हवं. किल्ली गेली तर मोजू कशावर?”

“म्हणून तर पर्याय ‘ब’ आहे. शोध लागलाच नाही असं समजायचं. चौदाव्या महिन्यापर्यंत.”

“आणि किल्ली?”

“तुमच्याच खिशात.”

अधिकउणेनं ‘ब’वर सही केली. तो जिन्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच शिपाईकाका लाखेची कांडी, मेणबत्ती आणि पितळी शिक्का घेऊन त्याच्या मागोमाग तळघरात उतरले. “ऑर्डर आहे साहेब,” ते ओशाळून म्हणाले. “पुन्हा चुकून लागू नये म्हणून.” त्यांनी यंत्राच्या बटणावर लाल लाखेचा असा काही सुबक गोळा बसवला, की बघत राहावं. किल्ली खिशात आणि यंत्र मोहरबंद. अधिकउणे खुर्चीत मटकन बसला.

आता नुसतं बसून कसं चालेल? फेलोशिप चालू होती. दरमहा प्रगती-अहवाल द्यायचा होता आणि सोबत ‘शोध न लागल्याचा दाखला’, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. साक्षीदार भौतिकशास्त्रातले पदवीधरच हवेत, कारण शोध लागत नाहीये हे सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन पदवीधर येत, बंद यंत्रासमोर बसलेल्या अधिकउणेकडे दहा मिनिटं टक लावून बघत आणि सही करून जात.

अहवाल कसा लिहायचा ते शेजारच्या खोलीतल्या फेलोनं शिकवलं. त्याला सगळे ‘वेळापत्रक’ म्हणत. त्याला कधीच काही सापडलं नव्हतं आणि सापडेल अशी भीतीही नव्हती.

“दर महिन्याला सात टक्के,” वेळापत्रक म्हणाला. “एखाद्या महिन्यात साडेसहा लिहावेत, खरं वाटतं.”

“पण माझं शंभर टक्के झालंय रे!”

“शू! कुणी ऐकेल. घसरून एकवीसवर ये आधी.”

त्या वर्षी ‘सर्वोत्कृष्ट उदयोन्मुख’ पुरस्कार वेळापत्रकाला मिळाला. त्याचा आलेख सलग, एकसारखा, कुठेही उंचवटा नसलेला असा होता, हे मानपत्रात खास नमूद केलं होतं.

अधिकउणे शेवटी आपल्या मार्गदर्शक सरांकडे गेला. सर निवृत्तीला आले होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, “कितवा महिना होता?”

“तिसरा.”

“अरेरे. माझा पाचवा होता.” सरांनी उठून भिंतीतलं कपाट उघडलं. आत वरपासून खालपर्यंत गठ्ठे होते, प्रत्येकाला फीत आणि लाख. “हा पहिला लावला तेव्हा मला भरगच्च केस होते बघ. हा दुसरा लागला तेव्हा फॉर्म संपले होते. आणि हा मात्र वेळेवर लागला, पण त्या मंगळवारी कुलगुरू परदेशी होते.” त्यांनी एका गठ्ठ्यावरची धूळ मायेनं फुंकली. “तुला कपाट आहे का?”

“नाही.”

“मग आज अर्ज कर. कपाटाला तीन वर्षं लागतात.”

“मी गुपचूप लेख लिहून बाहेर पाठवला तर?”

“जावक क्रमांक कोण देणार? लागलाच नाही त्या शोधाला क्रमांक मागितलास, तर बाई पोलीस बोलावतील.”

महिने जात राहिले. रोज सकाळी अधिकउणे तळघराचं कुलूप उघडायचा, लाखेच्या गोळ्याकडे बघायचा, संध्याकाळी कुलूप लावायचा. ताईचा फोन यायचा. ती विचारायची, “मग आता तू पर्मनंट का रे?” आई विचारायची, “मंगळवारी पेपरात फोटो येईल ना? कोट नीट आहे का?” तो दोघींनाही “हो” म्हणायचा. जेवायला किती वाजता येणार हेही आता तो बरोब्बर सांगायचा, आणि आई काळजीनं वाळत चालली होती.

नवव्या महिन्यात बॉम्ब पडला. दुसऱ्या कुठल्याशा देशातले दोघे शास्त्रज्ञ तोच शोध लावून छापून मोकळे झाल्याची बातमी आली. छापलेल्या पानावर तोच टपोरा उंचवटा होता, त्याच जागी. अधिकउणेच्या पायाखालची जमीन सरकली. सहा वर्षं ज्याच्या मागे लागला, ते सहा महिने लाखेखाली राहून दुसऱ्यांच्या हाती गेलं. तो पुन्हा चार मजले चढला, या वेळी सावकाश.

“सर, माझा शोध दुसऱ्यांनी लावला.”

उपकुलसचिवांनी बातमी शांतपणे वाचली. “यांचा महिना कुठला होता?”

“म्हणजे?”

“त्यांनी अर्जात नववा महिना दिला असेल तर त्यांचा बरोबर लागला. आपला चौदावा आहे. यात तक्रार कसली? उगाच दुसऱ्याशी तुलना करू नये माणसानं.”

“पण आता तो शोध राहिलाच नाही! जगाला माहीत झालंय!”

“जगाचं पत्र आलंय का आपल्याकडे? आवक नोंदवहीत बघा हो बाई.”

बाईंनी वही पाहिली. जगाचं पत्र आलेलं नव्हतं.

आणि मग उगवला तो चौदाव्या महिन्यातला दुसरा मंगळवार. तळघराच्या बोळात लाल कापड अंथरलं होतं, तीस खुर्च्या मांडल्या होत्या, यंत्रावर पडदा सोडला होता. पहिल्या रांगेत आई नव्या साडीत बसली होती. अधिकउणेनं आठवडाभर विनवण्या केल्या होत्या, की यंत्र गार व्हायला तीन दिवस लागतात, मोहर शुक्रवारी फोडा. परंतु मोहर फोडण्याची मंजुरी मंगळवार सकाळी अकराची होती. अकरा वाजता शिपाईकाकांनी लाख फोडली. अधिकउणेनं बटण दाबलं. यंत्र खोकलं, घुरघुरलं आणि खोलीपेक्षा जरा गरमच झालं.

साडेबारा वाजता कुलगुरूंनी फीत कापली, कापडी पडदा सरकवला आणि यंत्राच्या पडद्याकडे वाकून पाहिलं. रेघ आडवी होती, ठार आडवी.

“हीच का ती?” कुलगुरूंनी विचारलं.

अधिकउणेनं तोंड उघडलं. उपकुलसचिवांनी मागून त्याचा कोट ओढला.

“हीच, साहेब,” उपकुलसचिव म्हणाले.

“वा! किती सरळ आली आहे,” कुलगुरू म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वेळापत्रकानं तर उभं राहून टाळ्या वाजवल्या, कारण अशी रेघ त्यालाही जमली नव्हती. फोटो निघाले. अधिकउणेला ‘शोध वेळेत लागल्याचे प्रमाणपत्र’ मिळालं. आईनं डोळे पुसले आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, “माझा मुलगा आहे. पूर्वी त्याला नक्की असं काही सांगताच यायचं नाही.”

एक वाजता साहेब जेवायला गेले. एक वाजून पाच मिनिटांनी बाईंनी दुसरा कागद हातात ठेवला. ‘आपला उदय आज दुपारी एक वाजता झाला असल्याने अट क्रमांक चार अन्वये आपली फेलोशिप संपुष्टात आली आहे. किल्ली शिपाई यांच्याकडे जमा करून पोच घ्यावी.’

बोळ रिकामा झाला. आईला ताईनं घरी नेलं. शिपाईकाका खुर्च्या एकात एक घालत होते. अधिकउणेनं खिशातून किल्ली काढली. सात वर्षांत घासून घासून तिचे दाते गुळगुळीत झाले होते. त्यानं ती काकांच्या हातावर ठेवली. काकांनी पोच लिहिली आणि एक पाकीटही दिलं. जोडपत्र ‘ढ’. डिंक जसाच्या तसा होता.

अधिकउणे वळला आणि जिन्याला लागला. डोळ्यांपुढे सगळं अंधुक झालं होतं, खोटं कशाला सांगू.

“साहेब,” काकांनी मागून हाक मारली, “रागावणार नसाल तर एक विचारू?”

“विचारा.”

“मोहर मीच लावली, मीच फोडली. अकरा महिने रोज येता-जाता बघत होतो. पण त्यात होतं काय? म्हणजे, तुम्हाला सापडलं तरी काय?”

अधिकउणे पायरीवरच थांबला. चौदा महिन्यांत त्याला महिना विचारला होता, वार विचारला होता, परवानगी विचारली होती. हा प्रश्न पहिल्यांदाच कानावर येत होता. मग तो तिथेच पायरीवर बसला, प्रमाणपत्र उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पेनानं तो उंचवटा काढला.

“वेळ आहे तुम्हाला?”

“किती लागेल?”

“अर्धा तास.” आणि मग, कितीतरी महिन्यांनी, त्याचा चेहरा खुलला. “अधिकउणे दोन तास.”

काकांनी एक खुर्ची पुन्हा सोडवली, बसले, आणि अडीच तास ऐकत राहिले. मध्ये दोनदा ते खदखदून हसले. एकदा “आयला, असं पण असतं?” म्हणून उठून उभे राहिले, आणि खिशातली किल्ली काढून यंत्राची खोली पुन्हा उघडून बघून आले.

सापडलं काय, ते शिपाईकाकांना नीट ठाऊक आहे. इथेही दोन ओळींत सहज सांगता आलं असतं. पण किल्ली राहते की जाते, याची तुम्ही काळजी केलीत. मंगळवार कधी येतो, याची वाट बघितलीत. सरळ रेघेला हसलात. जोडपत्र ‘ढ’ मात्र तुम्हीही उघडून बघितलं नाहीत, आणि आत काय आहे असं पहिल्या परिच्छेदापासून इथपर्यंत आपल्यापैकी कुणाचीही लेखी किंवा तोंडी विचारणा आमच्याकडे आलेली नाही. आता विचारू नये, मुदत संपली आहे. चालू महिन्याच्या आपल्या प्रगतीचे सात टक्के लावले आहेत. कृपया खाली सही करावी.